कथाप्रधान गेममध्ये मृत्यू कायमचा ठेवला, तर तो गेम पुन्हा कोण खेळेल?

आखरावरचा (चिमूर तालुका, जि. चंद्रपूर)

नमस्कार. गेल्या पावसाळ्यापासून मी रेनपाय या मोफत साधनात एक छोटा मराठी गेम लिहीत आहे. तो बहुतांशी वाचण्याचा गेम आहे. चित्रे थोडी, निवडी पुष्कळ. नायक जंगलाला लागून असलेल्या गावातला गुराखी आहे. तान्हा पोळा झाल्यावर तो गावाची जनावरे घेऊन जंगलात जाऊ लागतो आणि धान कापणीला येईपर्यंत जे काही घडते, तेवढीच ही गोष्ट. जंगलात वाघ आहे, आणि तो नुसता भीती दाखवण्यापुरता असू नये, असा माझा आग्रह आहे. दिवस कलल्यावर गुराख्याच्या घरची माणसे आखराकडे (गावची जनावरे गोळा होतात त्या जागेकडे) नजर लावून का उभी असतात, हे आमच्या भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून मी ठरवले की गुराखी मेला तर मेला. रेनपायमध्ये मुळातच वाक्यावाक्याने मागे जाण्याची सोय असते, ती मी बंद केली. मृत्यू झाला की सेव्ह पुसले जाते आणि गोष्ट पुन्हा पोळ्यापासून सुरू होते.

चार मित्रांना खेळायला दिला. दोघांनी पहिल्या मृत्यूनंतर सोडून दिला; त्यातल्या एकाने तर "तुझा गुराखी मेला, आता मी काय करू?" एवढेच विचारले आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. तिसरा तीनदा खेळला, पण तिसऱ्या वेळी त्याने एकही वाक्य वाचले नाही. अंगठ्याने मजकूर ढकलत तो थेट वाघाच्या प्रसंगापाशी येऊन थांबला. चौथ्याने लॅपटॉपवर सेव्हच्या फाइलची आधीच प्रत काढून ठेवली होती, आणि हे मला मोठ्या कौतुकाने सांगितले.

माझी अडचण अशी की मृत्यू कायमचा ठेवला तर पुन्हा खेळण्यातला रस जातो, आणि मागे फिरू दिले तर वाघ कागदाचा होतो. ज्या गेममध्ये कथा नावालाच असते, तिथे लोक शंभर वेळा मरून शंभर वेळा आनंदाने सुरुवात करतात. मग कथा आली की तेच ओझे का वाटते? जाणकारांनी मत द्यावे.

जुनी फ्लॉपी (आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर या प्रकाराच्या उगमातच आहे. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी 'रोग' हा गेम केला. त्यात सेव्ह करता येत असे, पण ते फक्त खेळ मध्येच थांबवण्यासाठी; पुन्हा सुरू केला की ती फाइल पुसली जाई, म्हणजे मेल्यावर परतण्याची वाटच नसे. मात्र त्याच गेममध्ये भुयाराचा नकाशा दर वेळी नव्याने तयार होत असे. कायमचा मृत्यू आणि नवा नकाशा हा एकाच सौद्याचा दोन्ही बाजूंचा भाग होता. खेळाडूकडून जीव घ्यायचा आणि बदल्यात त्याला न पाहिलेली जागा द्यायची. तुम्ही जीव घेता, पण बदल्यात तोच पोळा, तोच आखर आणि तीच वाक्ये पुन्हा वाचायला देता. तुमच्या तिसऱ्या मित्राने अंगठ्याने मजकूर ढकलला यात त्याचा दोष मला दिसत नाही. वाचून झालेले पान कोणीही असेच उलटतो.

चौथ्या मित्राचा अनुभवही नवा नाही. जपानी 'फायर एम्ब्लेम' मालिका १९९० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिच्यात लढाईत पडलेला सोबती परत येत नाही, हा तिचा लौकिक. प्रत्यक्षात कितीतरी खेळाडू सोबती पडला की तेवढा अध्याय पुन्हा सुरू करतात, म्हणजे मृत्यू कायमचा राहतच नाही, नुसता वेळखाऊ होतो. शेवटी २०१० च्या भागात निर्मात्यांनीच पडलेले सोबती पुढच्या अध्यायात परत येतील अशी सौम्य पद्धत दिली आणि २०१९ च्या 'थ्री हाउसेस'मध्ये तर काही वेळा काळ मागे फिरवण्याची शक्ती गोष्टीतच आणून ठेवली. याला कोणी माघार म्हणेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण लोक जे चोरून करत होते ते त्यांनी उघडपणे नियमात घेतले.

दुसरा मार्ग म्हणजे गोष्ट एका गळ्यात न बांधणे. 'हेवी रेन' (२०१०) मध्ये खेळता येण्याजोगी चार पात्रे आहेत आणि 'अंटिल डॉन' (२०१५) मध्ये आठ. कोणी मेले तरी गोष्ट पुढे चालते. पण याची किंमत लेखकाला मोजावी लागते, ती आधी ऐकून घ्या. एखादे पात्र मरू शकते असे एकदा ठरले की त्यापुढचा प्रत्येक प्रसंग ते जिवंत असताना आणि नसताना असा दोनदा लिहावा लागतो. अशी दोन पात्रे असली की चार शक्यता, तीन असली की आठ. म्हणून लेखक नकळत अशा पात्राला पुढे कामच कमी देतात, किंवा त्याच्या जागी बदली माणूस उभा करतात. 'मास इफेक्ट २' (२०१०) च्या शेवटच्या मोहिमेत मॉर्डिन हा शास्त्रज्ञ मेला असेल, तर 'मास इफेक्ट ३' (२०१२) मध्ये पॅडॉक विक्स नावाचा दुसरा शास्त्रज्ञ येतो आणि बरेचसे तेच काम पार पाडतो. पहिल्यांदा खेळताना हे खुपत नाही. दुसऱ्यांदा खेळताना मात्र शिवण दिसते, आणि एकदा दिसली की डोळा तिच्यावरच जातो.

सिंगल फेज (दर्यापूर, जि. अमरावती)

वरील चर्चा मोलाची आहे, पण एक व्यावहारिक बाब सुटत आहे. मी 'एक्सकॉम: एनिमी अननोन' (२०१२) आयर्नमॅन पद्धतीने खेळत होतो. त्यात एकच सेव्ह असते आणि गेम ते स्वतःच वरचेवर लिहीत जातो, म्हणून चूक दुरुस्त करता येत नाही. आमच्याकडे नेमकी तेव्हाच लाइन गेली. लाइन आल्यावर ती फाइल उघडेना आणि कित्येक रात्रींची मोहीम संपली. माझे सैनिक शत्रूने मारले नव्हते, आणि मी चुकलो म्हणूनही मेले नव्हते. त्या दिवसापासून मी कायमच्या मृत्यूचे नाव काढले की आधी इन्व्हर्टर विचारतो.

तेव्हा तुमच्या गेममध्ये मृत्यूची किंवा प्रगतीची नोंद कोणत्याही वेगळ्या फाइलमध्ये ठेवणार असाल, तर जुन्या फाइलवरच थेट लिहू नका. नवी फाइल पूर्ण लिहून झाल्यावरच तिला जुनीचे नाव द्या आणि एक मागची प्रत शिल्लक ठेवा. फोनची बॅटरी संपून मेलेला गुराखी आणि वाघाने मारलेला गुराखी यांतला फरक खेळाडूला पक्का कळतो, आणि पहिल्या प्रकारचा मृत्यू तो कधीच माफ करत नाही.

पडद्यामागचा (वडसा, जि. गडचिरोली)

मी गेम फारसे खेळलेलो नाही. मुलगा खेळतो तेव्हा शेजारी बसून पाहतो. पण दिवाळीनंतर मंडई (म्हणजे गावजत्रा) आणि शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतींचे) दिवस सुरू झाले की झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांबरोबर गावोगाव फिरतो, प्रकाशयोजनेचे काम करतो, त्यामुळे "पुन्हा पाहणे" या विषयावर मला थोडे बोलता येईल.

आपण सर्वांनी असे गृहीत धरले आहे की शेवट बदलणार असेल तरच माणूस पुन्हा येतो. आमच्याकडचा प्रेक्षक तसा नाही. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि त्यातला अर्धाअधिक मंडप दुसऱ्या अंकातच सांगू शकतो की शेवटी कोण मरणार. अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येईल या आशेने ते आख्यान आजवर कोणी ऐकले नसेल. लोक मरण कसे येते ते पाहायला येतात, आज कोणता नट ते कसे पेलतो ते पाहायला येतात. संगीत नाटकांविषयी एक जुना किस्सा सांगतात की मरणाच्या प्रसंगातल्या पदाला वन्स मोअर मिळाला, तेव्हा मेलेला नट उठला, पद पुन्हा म्हणाला आणि पुन्हा मेला. किस्सा खरा असो वा रचलेला, त्यात तुमच्या रीलोडच्या, म्हणजे सेव्हपासून पुन्हा सुरू करण्याच्या, बटणाची सगळी गंमत आहे. मंडपाला पद हवे होते म्हणून त्याने मृत्यू थोडा वेळ बाजूला ठेवला, आणि रडायच्या वेळी तेच लोक रडलेही असतील.

मुलगा 'हेडीस' खेळतो. तो २०२० साली पूर्ण होऊन आला. त्यात नायक झॅग्रेउस मेला की पाताळातल्या आपल्या घरीच परततो, आणि घरातले प्रत्येक जण त्याच्याशी काहीतरी नवे बोलते. लढाईत हरल्याचे दुःख करण्याऐवजी मुलगा आता कोण काय म्हणेल याकडे कान लावून असतो. हा तुमच्या अर्थाने कायमचा मृत्यू नव्हे हे मला कळते. तरी तुमच्या गुराख्याच्या मृत्यूनंतर तोच पोळा पुन्हा सुरू होत असेल, तर निदान त्या पोळ्याला काहीतरी आठवू द्या.

एकदाच (वणी, जि. यवतमाळ)

मला हा सगळा पुन्हा खेळण्याचा आग्रहच मान्य नाही. 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' (२०१८) मध्ये प्रत्येक प्रकरण संपले की आपण कोणत्या वाटेने गेलो याचा आराखडा दिसतो आणि न उघडलेल्या वाटांच्या जागी कुलुपे दिसतात. तो आराखडा पाहिला आणि मी केलेली निवड माझी राहिली नाही. ती अनेक खोक्यांपैकी एक खोके झाली. कथेचा गेम मी एकदा खेळतो, जे झाले ते झाले म्हणतो आणि पुसून टाकतो. भाऊंनी सेव्ह पुसण्याचा नियम ठेवावा आणि दुसऱ्यांदा कोणी खेळेल याची काळजी सोडून द्यावी.

जुनी फ्लॉपी (आर्वी, जि. वर्धा)

'एकदाच' यांचे म्हणणे खेळाडू म्हणून योग्य आहे, परंतु इथे गुराखी चाळिसाव्या मिनिटाला मेला तर उरलेली गोष्ट खेळाडूने पाहिलेलीच नसते. एकदाच वाचायचे पुस्तकसुद्धा शेवटच्या पानापर्यंत वाचायला मिळाले पाहिजे.

मोहफूल (धानोरा तालुका, जि. गडचिरोली)

माझे आजोबा गुराखी होते, म्हणून लिहिते. दादा, तुमच्या मित्राने विचारलेला प्रश्न मला या सर्व चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटला. गुराखी मेला, आता काय? गावात याचे उत्तर फार लवकर द्यावे लागते. माणूस गेला त्या रात्री घरात चूल पेटत नाही, परंतु सकाळी जनावरे दाव्याला हिसके देऊ लागतात. गावाची पन्नास-साठ जनावरे बांधून ठेवून किती दिवस घरचा चारा घालणार? दोन-चार दिवस जो तो आपापली जनावरे बांधावर चारतो, मग कोणीतरी काठी हातात घेतोच. कधी धाकटा भाऊ, कधी मुलगा. माझ्या आजोबांनी ती त्यांच्या काकांनंतर घेतली होती.

तुमच्या गेममध्ये गोष्ट गुराख्याची आहे असे तुम्ही धरून चालला आहात. मला ती जनावरांची वाटते. मृत्यूनंतर पोळ्यावर परत जाऊ नका. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी जा आणि काठी दुसऱ्याच्या हातात द्या. 'धिस वॉर ऑफ माइन' हा २०१४ चा पोलंडमधला गेम साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. त्यात वेढलेल्या शहरातली काही साधी माणसे एका पडक्या घरात जीव धरून असतात. रात्री अन्न शोधायला गेलेला परतला नाही, तर तो परतत नाहीच. उरलेली माणसे खचतात, एखादे नुसते बसून राहते, आणि तरीही दुसऱ्या रात्री कोणाला तरी बाहेर जावे लागते. तो गेम मी चार वेळा खेळले आहे आणि चारही वेळा आधीच्या वेळेचा शेवट बदलायचा म्हणून खेळले नाही. घरात दुसरी माणसे असतील तर काय होईल, हे पाहायचे होते.

नवीन माणसाला जंगल तेवढे ठाऊक नसणार. पाणवठा कुठे, कोणती गाय कळप सोडून भटकते, हे पहिल्याला माहीत होते. खेळाडूला ते आठवत असेल, पण पात्राला माहीत नसेल. तिथे तुम्हाला लिहायला पुष्कळ जागा आहे.

आखरावरचा (चिमूर तालुका, जि. चंद्रपूर)

सर्वांचे आभार. ताई, तुमचे उत्तर वाचल्यावर दोन दिवस मी काही लिहिलेच नाही, आणि नंतर जे लिहिले ते पहिल्या गुराख्याच्या बायकोच्या तोंडून लिहिले. दुसरी सकाळ आता तिची आहे. दीर तयार नाही, मुलगा लहान आहे, म्हणून काठी ती घेते. फ्लॉपीभाऊंनी सांगितलेला शक्यतांचा गुणाकार टाळण्यासाठी मी एवढेच केले की एका वेळी जिवंत गुराखी एकच. त्यामुळे प्रसंग दुप्पट होतात, चौपट नाही. ती मेली तर मात्र गोष्ट तिथेच संपते. त्यापुढे लिहिण्याची ताकद सध्या माझ्यात नाही.

सेव्ह पुसण्याचा नियम काढून टाकला आहे, मागे जाण्याची वाट मात्र अजूनही बंदच आहे. वाचलेला मजकूर झपाट्याने पुढे नेण्याची रेनपायची सोय चालू केली आहे. ती सोय न वाचलेल्या वाक्यापाशी आपोआप थांबते, आणि याचा मला अनपेक्षित उपयोग झाला. पहिल्या खेळात कोण मेले याची नोंद गेम वेगळी ठेवतो आणि दुसऱ्यांदा खेळताना पोळ्याच्या प्रसंगात दोन-तीनच वाक्ये बदलतो. अंगठ्याने ढकलत येणारा माणूस नेमका त्या वाक्यांपाशी अडतो. वडशाचे भाऊ म्हणाले होते की पोळ्याला काहीतरी आठवू द्या, ते असे जमले. सिंगल फेज यांच्या सूचनेप्रमाणे मागची प्रतही ठेवली आहे.

एक शंका उरली आहे. मागे दुसरा माणूस आहे हे खेळाडूला कळल्यावर तो पहिल्याला मुद्दाम वाघापुढे घालणार नाही ना? काल तिसऱ्या मित्राने अगदी तेच केले, बायकोची गोष्ट पाहायची म्हणून. सध्या तरी त्यावर उपाय म्हणून मी पहिल्याच सकाळी ती त्याच्या डब्यात काय बांधून देते, तो प्रसंग थोडा लांबवला आहे. नवी आवृत्ती जुन्या अँड्रॉइड फोनवर चालते का हे पाहायचे आहे. कोणाकडे तसा फोन असेल तर इथेच कळवावे.