मदत हवी आहे : विक्रोळीहून भिवंडीला बदली घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मी कंपनीच्या टेम्पोवर डिलिव्हरी ड्रायव्हर आहे, चार वर्षं दोन महिने झाले. आमचं विक्रोळीचं गोडाऊन बंद होऊन भिवंडीजवळ माणकोलीला जातंय. महिन्याअखेर हो की नाही ते लेखी द्यायचंय.

पगार १९,५०० आहे, २,५०० वाढवून देतायत. राहायला कन्नमवार नगरात. तिकडे थेट लोकल नाही, म्हणजे बाईकच. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, पेट्रोलचेच महिन्याला २,४०० होतात. परवा एकदा जाऊन पाहिलं. सकाळी ठीक होतं, पण परतताना माजिवड्यापर्यंत कंटेनरच कंटेनर, आरसे मिटवून दोन गाड्यांमधून बाईक काढावी लागली. घरी पोचायला पावणेदोन तास लागले. घर बदलणं शक्य नाही, मुलगी दहावीला आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. पगार २२,००० झाला की ईएसआयसीची (सरकारी कामगार विमा योजना) २१,००० ची पगारमर्यादा ओलांडतो आणि आईचे उपचार तिथेच चालू आहेत. सोडावं म्हटलं तर ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) पाच वर्षं भरायला दहा महिने कमी पडतात. एचआरला दोनदा विचारलं, "बघून सांगतो" एवढंच उत्तर. जवळपास दुसरीकडेही विचारलं, सगळीकडे पार्सलमागे पैसे, पगार नाही.

वाढीव रक्कम पगारात न घेता प्रवासभत्ता म्हणून लेखी मागितली तर ईएसआयसी टिकेल का? कोणी असं करून घेतलंय का, आणि पत्रात नेमके काय शब्द लिहून घेतले?