विषय: जुना सीडरचा डेक, उत्तरेची बाजू, कायम सावली. काय लावावं?

नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यात सिॲटलजवळ बॉथेलला घर घेतलं. मागचा डेक, म्हणजे घरामागचा लाकडी ओटा, घराइतकाच जुना, १९९४चा. फळ्या सीडर लाकडाच्या, तोंड उत्तरेला आणि डोक्यावर डग्लस फरच्या झाडांची रांग, त्यामुळे ऊन असं उन्हाळ्यात संध्याकाळी तासभर, तेवढंच. फळ्यांवर हिरवट बुळबुळीत थर, कडेला शेवाळ, खिळ्यांभोवती काळे डाग. आधीच्या मालकांनी तपकिरी काहीतरी फासलं होतं, ते मधे पार गेलंय आणि कठड्यापाशी त्याचे पापुद्रे सुटलेत. सासूबाई ऑगस्टमध्ये येताहेत आणि गणपतीत जेवणाची पंगत बाहेर मांडायचा बेत आहे.

एक कंत्राटदार म्हणाला, जाड रबरी कोटिंग मारतो, दहा वर्षं बघायला नको. दुसरा म्हणाला, सगळं उखडा आणि कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिकच्या फळ्या) टाका. त्याचा आकडा ऐकून मी चहाही विचारला नाही. सावलीतल्या डेकवर कोणी हात चालवलाय का?

– बॉथेलहून

---

नमस्कार,

कोटिंगवाल्याला गोड बोलून वाटेला लावा. तुमच्याकडे पाणी नुसतं वरून येत नाही, खालूनही येतं. डेक जमिनीलगत असेल, खाली ओली माती आणि बाजूंनी पट्ट्या ठोकलेल्या असतील, तर फळी खालच्या अंगाने दमटपणा ओढते आणि वरून बाहेर टाकू बघते. वर जाड थर असला की तो ओलावा तिथेच अडतो. आधी फुगा येतो, मग तो फुटतो, आणि फुटक्या जागेतून शिरलेलं पाणी उरलेल्या थराखाली मुक्काम करतं. कठड्यापाशी तुमचं तेच चाललंय.

इथे पाऊस फार, असं आपण म्हणतो, पण सिॲटलला वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, मुंबईच्या निम्माही नाही. फरक असा की मुंबईत ऑक्टोबर तापला की सगळं खडखडीत होतं, आणि इथे ऑक्टोबरात जी रिपरिप सुरू होते ती मार्चपर्यंत. उत्तरेच्या फळीला मधे सुकायला सवडच नाही. रंग उडवतं ते ऊन, म्हणून ती काळजी तुम्हाला कमी. तुमचं दुखणं बुरशीचं आहे. तेव्हा आत मुरणारा, अर्धपारदर्शक, बुरशीनाशक घातलेला ऑइल स्टेन, म्हणजे लाकडाचा तेलयुक्त रंग, घ्या. नुसतं जवसाचं तेल नको, त्यावर बुरशी पोसते.

स्टेनचा डबा आणण्याआधी मात्र पेचकस घेऊन डेकखाली शिरा. घराला बोल्टने जोडलेली आडवी तुळई, जिला इथे लेजर म्हणतात, ती टोचून बघा. खांबांचे पाय, पायऱ्या, फळ्यांची टोकंही. पेचकस विनासायास आत गेला तर स्टेन राहू द्या, आधी सुताराला बोलवा. डेक कोसळल्याच्या बातम्या येतात त्यांत पुष्कळदा लेजरच घरापासून सुटलेली असते. आणि खालच्या तुळया हिरवट झाक असलेल्या असतील तर त्या आर्सेनिकवालं औषध मुरवलेल्या असण्याची दाट शक्यता. घरगुती कामासाठी ते लाकूड २००३च्या अखेरीस बंद झालं. त्यांना सँडर लावायचा नाही, तुकडे शेकोटीत घालायचे नाहीत.

खिळ्यांभोवतीचं काळं ही बुरशी नव्हे. सीडरमधलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड एकत्र आलं की ते होतं. हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई होते, तोच प्रकार. घासून जाणार नाही, ऑक्झॅलिक ॲसिडने जातं.

– इसाक्वाचे काका

---

काका, धुण्याचंही सांगा. आमच्या गल्लीत सगळे प्रेशर वॉशर भाड्याने आणून तीन हजार पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) दाबाने मारतात, डेक एकदम नवा दिसतो. ब्लीच चालेल का? आणि आमचे बाबा रत्नागिरीहून सांगताहेत, काजूच्या टरफलांचं तेल लाव, होड्यांना तेच लावायचे. पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी एक कॅन आणू?

– रेंटन

---

बाबांना माझा नमस्कार सांग. ते सांगताहेत ते खरं आहे, त्या तेलाला कीड आणि पाणी दोन्ही बिचकतात. पण कातडीवर फोडही त्यानेच येतात. इथल्या पॉयझन आयव्हीत जे द्रव्य असतं त्याच्याच कुळातलं आहे ते. अर्धवट सुकलेल्या फळीवर कोणाच्या सासूबाई अनवाणी आल्या तर मंडळाला दोन तट पडतील. आणि कॅन विमानात चढवताना तू काय सांगणार आहेस ते मला आधी कळव.

तीन हजार पीएसआयने डेक नवा दिसतो कारण वरचं लाकूडच उडालेलं असतं. सीडर मऊ. रेषांमधला मऊ भाग निघून जातो, कडक भाग उंचवट्यासारखा राहतो आणि वर लव येते, जिच्यात पुढच्या हिवाळ्यात शेवाळ आणखी घट्ट धरतं. वापरायचाच असेल तर पाचशे-सहाशे, रुंद पंख्याचं नोझल, फूटभर लांबून, रेषांच्या दिशेने.

क्लोरीनचं ब्लीच नको. काळेपणा जातो, पण लाकडाचे तंतू सैल होतात आणि खिळे गंजतात. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनचं ब्लीच, आणा, कोमट पाण्यात कालवा, फळीवर ओता, पंधरा-वीस मिनिटं सुकू न देता ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश घेतलात तर त्याचे कण फळीत अडकून गंजतील. भरपूर पाण्याने धुवा, मग ऑक्झॅलिक. त्याने परकार्बोनेटचा उरलेला अंश मरतो, काळे डाग उतरतात आणि सीडरचा तांबूस रंग पुन्हा दिसतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, ते विषारी आहे. आसपासची झाडं आधी पाण्याने भिजवून ठेवा.

शेवाळावर तांबं किंवा जस्त असलेली पावडर टाकू नका. रस्त्याकडेच्या जाळीत गेलेलं पाणी बहुतेक ठिकाणी तसंच ओढ्यात उतरतं, आणि तांबं सामन माशांना अगदी अल्प प्रमाणातही बाधतं. शेवाळ ओलं असताना पत्र्याच्या पट्टीने खरवडलं की सोलून येतं.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते. दोन फळ्यांमधली फट, आणि तीही नेमकी खाली तुळई येते तिथली. फरच्या सुया, शंकूंचे खवले, धूळ, सगळं तिथे दाबून बसतं आणि त्याचा काळा लगदा होतो. जुलैत वरची फळी खडखडीत वाजत असताना त्यात पट्टी खुपसा, टोक ओलं येईल. तुळईचा माथा कुजतो तो इथूनच. महागातला स्टेन आणि हा लगदा यांत एकच करायला वेळ असेल तर लगदा काढा.

– इसाक्वाचे काका

---

थोडं विरोधी मत. आम्ही आमच्या सीडरवर काहीच लावत नाही. दर वसंतात सौम्य धुलाई, फटी साफ, खालच्या पट्ट्या काढून वारा मोकळा केलाय. राखाडी दिसतो, पण शाबूत आहे.

– कर्कलँड

---

सीडरच्या गाभ्यात मुळातच कुजण्याला विरोध असतो, त्यामुळे हे चालू शकतं. राखाडी रंग ज्यांना आवडतो त्यांना आवडो. फक्त फळ्यांची कापलेली टोकं उघडी ठेवू नका, पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरतं.

– काका

---

लावण्याबद्दल माझी भर. दोन कोट म्हणजे दुप्पट संरक्षण हा गैरसमज. जुनं लाकूड जेवढं पिईल तेवढंच द्यायचं. वीस मिनिटांनी वर चकाकणारं तेल दिसलं तर फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तेच चिकट राहतं आणि धूळ-बुरशी धरतं. दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण करा, मधे थांबलात की जोडाचा पट्टा उमटतो. सँडिंग साठ-ऐंशी नंबरच्या कागदानेच. त्याहून गुळगुळीत केलंत तर तेल मुरत नाही. डब्यावर व्याप्ती लिहिलेली असते तिच्यावर विसंबू नका, खडबडीत फळीवर गॅलनला दीडशे-दोनशे चौरस फूट धरा.

वेळ बघा. सावलीच्या बाजूला दव लवकर धरतं, सप्टेंबरात तर फारच. सकाळची ओल गेल्यावर सुरू करा, दुपारी तीनपर्यंत ब्रश खाली.

आणि तेलाची फडकी गोळा करून गराजच्या कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळी पसरून सुकवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. आमच्या शेजाऱ्यांकडे याच कारणाने बंब आला होता.

– सॅमामिश

---

सगळ्यांचे आभार. पेचकसवारी झाली. लेजर टणक आहे, एक पायरी मात्र गेलेली, ती आम्ही बदलतोय. खालच्या पट्ट्या काढल्या. धुलाई आटोपली आणि आता पापुद्रे खरवडणं चालू आहे. फळी वरून सुकी दिसते, पण सुकली हे ओळखायचं कसं? पाण्याचे थेंब टाकून पाहिले, ते लगेच मुरले.

– बॉथेलहून

---

थेंब मुरले म्हणजे फळी तेल पिईल एवढंच कळलं, आत किती ओल आहे ते कळत नाही. दोन सुयांचा ओलावा मीटर खुपसा. पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. घराच्या भिंतीजवळ आणि फरच्या बाजूला वेगवेगळं मोजा. उन्हातला डेक धुतल्यावर दोन-तीन दिवसांत येतो, तुमचा आठवडाभर घेईल असं धरून चाला. पंगत ठरली असली तरी आकडा खाली येईपर्यंत थांबा.

– काका

---

काका, मीटर माझ्याकडेच आहे, मार्चपासून. शनिवारी मराठी शाळेत आणतो. बॉथेलच्या ताई, नऊ व्होल्टची बॅटरी तेवढी तुमची आणा, आतली गेली आहे.

– रेंटन