वहिनीची पहिली संक्रांत, बाळाचं बोरन्हाण आणि ३५ जणींचं वाण, बजेट अडीच हजार. हलव्याचे दागिने घरी जमतील का?

मधुरा_ठाणे

नमस्कार मंडळी, जरा घाईची मदत हवीय. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, संक्रांत १४ जानेवारीला आणि रथसप्तमी लगेच २५ ला, म्हणजे हळदीकुंकवाला जेमतेम बारा दिवस मिळतायत, २०२५ मध्ये कसं ४ फेब्रुवारीपर्यंत निवांत होतं. भावाचं मे महिन्यात लग्न झालं त्यामुळे वहिनीची पहिली संक्रांत आहे, तिला हलव्याचे दागिने घालायचेत. शिवाय माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे, तिचं बोरन्हाण हळदीकुंकवाच्या दिवशीच उरकायचं ठरलंय. बायका साधारण ३५ येतील.

दुकानात चौकशी केली तर बाईचा पूर्ण सेट अठराशे सांगितला, बाळाचा सहाशे वेगळा. आम्ही नुकतंच घर घेतलंय, हप्ता सुरू झालाय, त्यामुळे सगळं मिळून अडीच हजारात बसवायचंय. माझे दागिने आईने स्वतः केले होते, तेव्हा मी नुसती बघत बसायचे, शिकून घेतलं नाही. आता तिच्या बोटांना संधिवात आहे, सुई धरवत नाही. तिला विचारलं की ती म्हणते "अगं सोपं असतं, गजऱ्यासारखं बांधायचं", पण मला गजराही बांधता येत नाही!

तर प्रश्न असे की हलवा घरी करावा की विकत आणावा? किती लागेल? चिकटवायचा कशाने? आणि वाण, तिळगुळाचं पॅकिंग, आमंत्रणाची कार्डं यातलं काय काय स्वस्तात पण नीट होईल? हातात वीस दिवस आहेत, पण बाळ झोपतं तेव्हाच काम होतं.

सुईदोरा

मधुराताई, आधी मनातली भीती काढा, तुमच्या आई बरोबर सांगतायत. मी पुण्यात बावीस वर्षं घरातल्या आणि शेजारपाजारच्या सगळ्या सुनांचे दागिने केलेत, एकदाही विकत आणले नाहीत.

हलवा मात्र विकत आणा. घरी करणं हे वेगळंच व्रत आहे, परात मंद शेगडीवर ठेवून तीळ किंवा साबुदाणा हाताने फिरवत राहायचा आणि एकतारी पाक चमचा चमचा सोडत जायचा, एक पाक सुकला की दुसरा, असं दोन-तीन दिवस तासन्‌तास बसलं की मग कुठे काटा फुटतो, आणि हवा कोरडी, थंड नसेल तर तेही नाही. लहान बाळ घरात असताना तापलेल्या परातीपाशी बसू नका. पाव किलो आणा, त्यात वहिनींचा सेट, बाळाचा सेट होऊन वर वाटीभर उरेल. घेताना दोन प्रकारचा घ्या, हार-बांगड्यांना साबुदाण्याचा टपोरा आणि नथ, बिंदी, कानातल्यांना तिळाचा बारीक. हातात घेऊन बघा, पांढराशुभ्र हवा आणि काटा टोचला पाहिजे. काटा बोथट असेल तर दोरा बसतच नाही, निसटतो.

आता बांधणं. सुई विसरा, सुईने दाणा फुटतो. पांढरा जाड रिळाचा दोरा दुहेरी घ्या, एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दोरा ताणून धरा. दुसऱ्या वेगळ्या दोऱ्याने बांधायचंय. ताणलेल्या दोऱ्यावर दाणा टेकवा, अंगठ्याने दाबून धरा, बांधायचा दोरा दाण्याच्या बरोब्बर मधून वरून घेऊन खालून काढा, फास करा आणि हळूहळू ओढा. ओढताना दोरा काट्यांच्या मध्ये शिरतो ते बोटाला कळतं, बारीकसा कुर्र आवाज येतो, तिथेच थांबायचं. त्यापुढे अर्धा सूत जरी ओढलं तरी दाण्याचे दोन तुकडे. पुढचा दाणा उलट्या बाजूला, म्हणजे एक डावीकडे एक उजवीकडे, की हार भरगच्च दिसतो. पहिले वीस दाणे फुकट जातील, ते खाऊन टाका आणि एकविसाव्यापासून मोजा. मला आजही एका हाराला दीडेक तास लागतो.

जिथे बांधता येत नाही तिथे चिकटवायचं. बांगड्यांना जुन्या प्लॅस्टिकच्या बांगड्या घ्या, पांढरी सॅटिनची रिबीन गुंडाळा आणि वर दाणे लावा. मंगळसूत्राच्या वाट्यांना मी शर्टाची मोठी दोन बटणं वापरते, गोल गोल दाणे लावत गेलं की हुबेहूब वाट्या दिसतात, बाकी काळी पोत आणि मध्ये मध्ये बांधलेला हलवा. नथीला तांब्याची बारीक तार आणि एक लाल मणी. फेविकॉल मात्र अगदी पातळ लावायचा, पाच मिनिटं थांबायचं, बोटाला चिकट लागला की मगच दाणा ठेवायचा. फेविकॉलमध्ये पाणी असतं, जाड थर दिलात की साखर खालून विरघळते आणि सकाळी बघावं तर काटे गेलेले, नुसता गोटा उरलेला. माझी पहिली कंबरपट्टी अशीच गेली होती, आदल्या रात्री रडायची वेळ आली. रात्रभर पंख्याखाली वाळवा, उन्हात नको.

भाऊरायांनाही द्यायचं असेल तर हार आणि नारळ पुरे. नारळाला आधी कागद घट्ट गुंडाळा आणि दाणे त्या कागदावर लावा, म्हणजे नंतर कागद सोडवून नारळ स्वयंपाकाला वापरता येतो.

मणी, रिबीन, जरीचा दोरा तुम्हाला जांभळी नाक्यावर मिळेल, पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळी. सामानाला दोनशे, हलव्याला शंभर-सव्वाशे, यापेक्षा जास्त लागायचं काही कारण नाही.

सागरवेळ

सुईदोरा ताईंनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे, मी फक्त दमट हवेचं सांगते, आम्ही मालवणचे आणि ठाण्यालाही खाडीची हवा आहेच. आमच्याकडे संक्रांतीला थंडी अशी पडतच नाही, हलवा उघडा राहिला की दोन दिवसांत पाझरतो, दागिना एकमेकांना चिकटतो आणि मग मुंग्या. झाला दागिना की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला कोरड्या तांदळाचा थर, वर बटर पेपर आणि त्यावर दागिने एकमेकांना न टेकता. नवीन चपलांच्या, पर्सच्या खोक्यात त्या सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या मी वर्षभर जपून ठेवते. पण त्या डब्याच्या कोपऱ्यात कापडात बांधून ठेवा आणि बाळाच्या हाताला लागणार नाहीत असं बघा. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटात.

आणि वहिनींना दागिने घालायचे ते फोटोच्या आधी अर्धा तास, तासन्‌तास नको. घाम आला की काळ्या साडीवर साखरेचे पांढरे डाग पडतात, सिल्कवरचे सहज निघत नाहीत. मानेला लागतो तिथे हाराच्या मागे काळ्या मखमलीची पट्टी लावा, टोचतही नाही.

आई_दोघांची

मी फक्त बोरन्हाणाबद्दल लिहितेय, कृपया सगळ्यांनी वाचा. बाळ नऊ महिन्यांचं आहे म्हणजे हाताला येईल ते तोंडात जाणार. माझ्या मोठ्याने बोरन्हाणाच्या दिवशी हाराचा एक दाणा काढून नाकात घातला होता, संध्याकाळी सगळे पाहुणे सोडून आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धावलो. निघाला, पण तो तास मी आयुष्यात विसरणार नाही.

म्हणून बाळाचे दागिने चिकटवलेले अजिबात नकोत, फक्त बांधलेले. फेविकॉलचा दाणा सुटून तोंडात गेला तर दोन्हीकडून वाईट. पिना नाहीत, तार नाही, मणी नाहीत. मुकुट आणि बाजूबंद पुरेत, ते तिच्या हाताला लवकर लागत नाहीत, आणि गळ्यातला हार फोटोपुरता दोन मिनिटं, तुम्ही स्वतः धरून बसायचं. धाकटीच्या वेळी मी मुकुटाला कार्डशीट न घेता जुन्या टी-शर्टची पट्टी घेतली आणि हलवा आतून दोऱ्याने त्यावर टाचला, तिने हूं की चूं केलं नाही.

डोक्यावरून ओतायला फक्त चुरमुरे. बोरं, उसाचे करवे, शेंगा, हरभऱ्याचे घाटे हे शकुनाला एक-एक मूठ बाजूने सोडायचं, डोक्यावर नाही. लुटायला आलेल्या मोठ्या मुलांना आनंदच असतो, त्यांच्यासाठी गोळ्या, रेवड्या वेगळ्या परातीत ठेवा आणि लूट झाली की आधी चादर उचला, मग बाळाला खाली सोडा. शेंगदाणे आणि बोराच्या बिया चादरीच्या घडीत राहतात. माझा सगळा खर्च साडेतीनशे आला होता, झबलं घरच्याच काळ्या ओढणीचं शिवलं.

पत्रवेडा

कार्ड आणि पॅकिंग हा माझा विषय, म्हणून लिहितो. आमच्या लहानपणी संक्रांतीला पोस्टाने भेटकार्डं यायची, आत इवल्याशा पुडीत चार दाणे हलवा आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला". पाकीट हलवलं की आतला खुळखुळ आवाज यायचा, तो ऐकूनच पोस्टमनच्या हातून ओढून घ्यायचो. मी आजही दरवर्षी तीस कार्डं करतो.

कपाटात जुन्या लग्नपत्रिका असतीलच, त्यांचा कागद बाजारात मिळणाऱ्या कार्डशीटपेक्षा कितीतरी चांगला असतो. गणपती आणि देवाची नावं असलेला भाग आधी कापून नीट बाजूला ठेवा, कोरी बाजू वर घ्या. काळा कार्डपेपर तळहाताएवढा कापून त्यावर फेविकॉलने पतंगाची रेघ ओढायची आणि वर पांढरे तीळ भुरभुरवायचे, वाळलं की झटकायचं. तीळ रेघेवरच राहतात, काळ्यावर पांढरी पतंग इतकी सुरेख उठून दिसते की रंग लागतच नाही. पोस्टाने पाठवायचं असेल तर हलवा पत्राच्या घडीत मधोमध ठेवा, कडेला नको, भुगा होतो. आमंत्रणं हातोहात द्यायची असतील तर भेंडी आडवी कापून तिचे ठसे, दहा मिनिटांत पंधरा कार्डं.

तिळगुळाला प्लॅस्टिकचे डबे घेऊ नका, ३५ डब्यांतच तुमचे तीनशे जातील. जूनमध्ये पोरांच्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालून उरलेला खाकी कागदाचा रोल कोणाकडे तरी असतोच, तो मागून आणा. आधी लाडू बटर पेपरमध्ये, कारण तिळाचं तेल सुटतं आणि खाकीवर डाग पडतो, मग वरून किराणा दुकानात पूर्वी साखर बांधायचे तशी चौकोनी पुडी आणि पांढरा दोरा. गाठीत हलव्याचा एक दाणा अडकवा. वर्तमानपत्रात मात्र खायचं काही बांधू नका, छपाईची शाई अन्नाला लागते, अन्नसुरक्षेवाल्या सरकारी संस्थेनेही तसं बजावलंय.

वाणासाठी जुन्या कॉटनच्या साड्या काढा. साडेपाच मीटरच्या एका साडीत भाजीच्या सतरा-अठरा पिशव्या सहज होतात, बारा इंचाची पट्टी आडवी फाडायची, दुमडायची, उरलेल्या तुकड्याचे बंद. दोन साड्यांत तुमच्या पस्तीस जणी झाल्या. मशीन नसेल तर शेजारच्या टेलरला नुसती शिलाई द्या. त्यात हळदीकुंकवाची पुडी आणि तिळगुळाची पुडी घातली की वाण तयार. माझ्या बायकोने तीन वर्षांपूर्वी दिलेल्या पिशव्या अजून सोसायटीतल्या बायकांच्या हातात दिसतात, आणि ती खिडकीतून मला हाक मारून दाखवते.

मधुरा_ठाणे

आज १८ तारीख, काल आमचं हळदीकुंकू आणि बोरन्हाण दोन्ही झालं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एकेकाला उत्तर लिहायला उशीर झाला.

पहिल्या दिवशी वीस नाही, चाळीसेक दाणे फुटले. फास बसतच नव्हता, दोरा घसरायचा. आई शेजारी बसून बघत होती, ती उठली, देवघरातली मेणबत्ती आणली आणि म्हणाली दोऱ्यावरून दोनदा फिरव. खरंच हो, मेण लावल्यावर दोरा जिथल्या तिथे राहतो! सुईदोरा ताई, तो कुर्र आवाज मलाही ऐकू आला. हार, बांगड्या, मंगळसूत्र, नथ, कानातले असं सगळं नऊ रात्रीत झालं. कंबरपट्टा केला नाही, वेळच उरला नाही. वहिनी आरशासमोर बराच वेळ गप्प उभी होती, मग तिने नथ काढून आईला दाखवली आणि विचारलं पुढच्या वर्षी मला शिकवाल का.

बाळाला टी-शर्टच्या पट्टीचा मुकुट आणि बाजूबंदच घातले. चुरमुरे डोक्यावरून पडले तेव्हा ती आधी दचकली आणि मग इतकी हसली. चादर आधी उचलली, घडीत खरोखर सहा शेंगदाणे आणि दोन बिया निघाल्या, आई_दोघांची, तुमची आठवण काढली.

हिशोब सांगते, हलवा आणि सामान ३४०, तीळ-गूळ ४१०, बोरन्हाण ३८०, पिशव्यांची शिलाई ५२५, चहा-नाश्ता ६००, कार्डं आणि पुड्या मिळून ७५. म्हणजे २३३०. साड्या आईच्या होत्या, त्यातली एक मी शाळेत असताना ती नेसायची, ती फाडताना थोडं वाटलं, मग तिनेच कात्री हातात दिली.

सागरवेळ ताई, वाटीभर हलवा उरलाय, तांदळावर ठेवलाय, अजून काटा टोचतो. खासगी निरोपात पत्ता कळवा, कार्डाच्या घडीत मधोमध घालून पाठवते.