२८ मिमीचा मावळा: चेहरा चेपतो, प्रायमर खरखरीत बसतो. काय चुकतंय?

गोदाकाठ_२८
नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या वेढ्यावर (१६८२ पासूनचा) टेबलावर खेळायची छोटी चकमक मांडतोय. त्यासाठी २८ मिमी मापाच्या १२ मावळ्यांच्या मूर्ती हव्यात, ८ ढाल-तलवारवाले आणि ४ पट्टेकरी (दांडपट्टा चालवणारे). २४ गेजची पितळी तार, ग्रीन स्टफ (निळा आणि पिवळा भाग मिसळून वापरायची इपॉक्सी पुट्टी) आणि एम-सील घेऊन काम सुरू आहे. अडचणी अशा:
१) नाक बसवायला गेलं की डोळ्यांच्या खोबणी बुजतात. ते सावरताना अख्खं डोकं तारेवर गरागरा फिरतं.
२) पुट्टीत मध्येच बारीक कडक खडे लागतात.
३) स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर) मारला की पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा होतो. मे महिन्यात, दुपारी, गच्चीवर मारला होता.
आणि एम-सील स्वस्त आहे म्हणून सगळी मूर्ती त्याचीच केली तर चालेल का?

लेक्रॉन
पहिल्या दोन्हींचं मूळ घाईत आहे. एका बैठकीत पूर्ण मूर्ती होत नाही. ओल्या पुट्टीवर ओली पुट्टी लावली की खालचा थर दबणारच.

आधी सांगाडा. दोन पायांच्या तारा कमरेपासून वर एकत्र पिळून घ्या आणि तळव्याखाली १० मिमी तार जादा ठेवा, म्हणजे ती बुचात खोचता येते. नाशिकात वाइनच्या बाटलीचं बूच शोधायला लांब जावं लागू नये! मूर्तीला बोट न लावता बूच धरून काम करायचं. मग तारेवर पुट्टीचा अगदी पातळ लेप द्या, कांद्याच्या सालीएवढा, आणि रात्रभर सोडा. हा लेप तारेच्या पिळात अडकून कडक होतो. तो नसला की डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी मांड्या, छाती आणि डोक्याच्या जागी ३ मिमीची गोळी. पुन्हा वाळू द्या. चेहरा त्या कडक गोळीवर करायचा. ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी पुट्टी घेऊन पसरा, सुईच्या बोथट टोकाने दोन खोबणी दाबा. दोन खोबणींच्या मध्ये जे उरतं तेच नाक, वेगळं चिकटवायला जाऊ नका. तोंडाची रेघ पात्याने एकदाच. मिशी मात्र चेहरा वाळल्यावर वेगळ्या थराने. पगडी सगळ्यात शेवटी: पुट्टीची शेवईसारखी वळी करा, किंचित चपटी करा आणि तिरकी गुंडाळा. पीळ सुईने नंतर कोरले तर खोटे दिसतात.

वेळेचं गणित महत्त्वाचं. मिसळल्यावर पहिली १५-२० मिनिटं पुट्टी चिकट असते, तेव्हा ती फक्त जागेवर बसवून घ्या. अंगरख्याच्या चुण्या आणि शेल्याच्या घड्या अर्ध्या-पाऊण तासानंतर, धार धरू लागल्यावर. दीड तासानंतर हात लावू नका. मे महिन्यात हे सगळं आणखी लवकर संपतं. थंडीत उलट, रात्री थंड खोलीत ठेवलेली मूर्ती सकाळीही दबते. पिवळा भाग थोडा जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि चिवट राहते, चेहऱ्याला बरी. निळा जास्त घेतला की कडक होते आणि धार चांगली धरते, ती म्यान आणि कमरपट्ट्यांना वापरा.

खडे का लागतात? पट्टीत निळा-पिवळा जिथे एकमेकांना टेकलेला असतो, तिथली पुट्टी पाकिटातच कडक झालेली असते. मधली २ मिमी पट्टी कापून फेकून द्या.

हत्यार पाण्याने ओलं ठेवा. व्हॅसलीन वापरलंत तर पुढच्या थराआधी साबणाच्या पाण्याने मऊ टूथब्रश फिरवा, नाहीतर थर सालपटासारखा निघतो. हत्यारासाठी दातांच्या डॉक्टरांचा लेक्रॉन कार्व्हर एकच पुरे. त्याला सुईची जोड द्या.

बारा एकेक करून करू नका. सांगाडे सगळे एकदम, मग धडं सगळी एकदम. शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला आखडलेला असतो, वाट बघण्यात वेळ जात नाही.

कानसवाला_अंबड
लेक्रॉन यांचं एम-सीलबद्दल सांगायचं राहूनच गेलं. अख्खी मूर्ती त्यात नको. त्याचा कण जाड असतो, ते ताणलं जात नाही आणि ग्रीन स्टफपेक्षा फार लवकर आखडतं. तीन मिमीच्या चेहऱ्यावर ते भाकरीसारखं फाटतं. पण वाळल्यावर कानस आणि पॉलिश पेपर छान घेतं, जे ग्रीन स्टफ घेत नाही, ते रबरासारखं ओढलं जातं. म्हणून तळाचा कातळ एम-सीलचा. अर्धवट आखडलं की हाताने तोडा, सह्याद्रीच्या बेसॉल्टसारखे पैलू आपोआप पडतात. घासताना ओलं करून घासा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. आणि कच्ची इपॉक्सी उघड्या हाताने रोज मळू नये, त्वचा कधी ना कधी तक्रार करतेच.

शस्त्रं पुट्टीची करू नका, पहिल्याच डावात मोडतील. २० गेजची पितळी तार (साधारण ०.९ मिमी) ऐरणीवर ठोकून चपटी करा, कानशीने धार काढा. सराफ बाजाराच्या बाजूला सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे तार, बारीक कानस आणि पिन व्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) एकाच फेरीत होतं. दांडपट्ट्याचं पातं १८ मिमीच्या आसपास, ढाल ९ मिमी व्यासाची. मुठीत १ मिमीचं भोक पाडून पात्याचं शेपूट आत घाला, नुसत्या फेविक्विकवर टेकवू नका. ते कडक पण ठिसूळ असतं, आडवा धक्का सोसत नाही. ते हवेतल्या ओलाव्याने आवळतं, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात ताटकळत ठेवतं. जोडायच्या एका बाजूवर आधी तोंडाची वाफ सोडा.

एक शंका: २८ मिमी पगडीच्या टोकापर्यंत मोजताय का? तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजायचं. पगडी धरून ३२ च्या आसपास जातं. नाहीतर तयार मूर्तींशेजारी तुमचे मावळे पोरं दिसतील.

मॅट_फिनिश
प्रायमरचा दोष डब्यात नाही, दुपारच्या उन्हात आहे. कोरड्या तापलेल्या हवेत रंगाचे थेंब मूर्तीवर पोचायच्या आधीच अर्धे वाळतात आणि धुळीसारखे चिकटतात. सकाळी सातच्या आत, सावलीत मारा. डबा दोन मिनिटं हलवा, अंतर २० सेंमी. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. एकाच जाड थराऐवजी तीन पातळ.

पावसाळ्यात रोग वेगळा: मॅट (बिनचकाकीच्या) व्हार्निशवर पांढरट धुकं चढतं. जून ते सप्टेंबर स्प्रे कपाटात ठेवा आणि ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. धुकं चढलंच असेल तर वरून ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा एक थर द्या, बहुतेक वेळा उतरतं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

खरखरीत झालेल्या मूर्ती थिनरमध्ये बुडवू नका, पुट्टी आणि सांधे दोन्ही जातील. कोरड्या कडक टूथब्रशने घासा, राहिलेली खरखर तळाच्या कातळावर असेल तर असू द्या.

गोदाकाठ_२८
पगडीच्या टोकापर्यंतच मोजत होतो, म्हणजे पाच सांगाडे बाद. रंगाचं विचारतो: पांढरा अंगरखा खडूसारखा दिसतो आणि भगवा खालचा काळा प्रायमर झाकतच नाही, चार हात दिले तरी. शिवाय वॉश (घड्यांत उतरवायचा पाण्यासारखा पातळ रंग) वाळला की पांढरी वर्तुळं उमटतात.

मॅट_फिनिश
वर्तुळं बोअरच्या जड पाण्याची. रंग पातळ करायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा, पेट्रोल पंपावर मिळतं. वॉश खोलगट जागी साचला तर लगेच ओलसर ब्रशच्या टोकाने शोषून घ्या, अर्धवट वाळल्यावर छेडलात तर डाग पडतो.

पांढऱ्याची सुरुवात पांढऱ्याने करायचीच नाही. आधी कच्च्या सुती कापडाचा करडा-पिवळसर रंग, घड्यांत पातळ तपकिरी, उंचवट्यांवर फिकट आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर व गुडघ्यावर, केसाएवढा. भगव्याखाली काळा प्रायमर नको. त्या जागेला आधी फिकट गुलाबी किंवा बदामी थर द्या, वर भगवा दोन पातळ हातांत बसतो. रंग सायीसारखा दाट नको, गायीच्या दुधासारखा हवा.

वेट पॅलेटसाठी (ओल्या स्पंजावर कागद ठेवून रंग ओला ठेवायची तबकडी) बटर पेपर मागाल तेव्हा बेकिंगचा मागा. स्टेशनरीवाला देतो तो ट्रेसिंगचा, ओला झाला की सुरकुततो.

डोळ्यांत बुबुळं काढायच्या भानगडीत पडू नका. हातभर अंतरावरून खोबणीतली गडद तपकिरी सावली पुरते, आणि टपोरे पांढरे डोळे काढले की मावळा दचकल्यासारखा दिसतो.

लेक्रॉन
ते पाच सांगाडे टाकू नका. पाय गुडघ्यात वाकवा, तटाआड दबा धरून बसलेले होतील.