मांजरींचा पहाटेचा गजर, डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं आणि नागपूरचा उन्हाळा : सल्ला हवा

खसखस
नमस्कार मंडळी. प्रश्न अर्धा मांजरींचा आणि अर्धा माझा आहे, पण दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की एकच धागा काढतेय.

वय ५२, नोकरी चालू, राहते त्रिमूर्ती नगरात. यंदाच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, रोज अर्धा तास भरभर चाला, रात्रीचं जेवण लवकर करा, झोप पुरी घ्या. थायरॉईडची गोळी आधीपासून आहेच. ती उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे तासभर चहा नाही.

घरात गोट्या (बोका, नसबंदी झालेला, वजन साडेसहा किलो) आणि चिंधी (सव्वातीन किलो, नावाप्रमाणेच). गोट्या पहाटे चारच्या सुमारास बेडरूमच्या जाळीच्या दाराला नखं लावतो. एकच पंजा, एकाच जागी, खर्र... थांबून परत खर्र. ओरडला असता तर परवडलं असतं. उठून मूठभर खाणं टाकते, परत पडते, मग डोळा लागतो तो थेट सात वाजता उघडतो. मे महिन्यात सातनंतर आमच्या रस्त्यावर भरभर चालणं काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. चालणं बुडतं.

तर, चारचा गजर कसा बंद करायचा? गोट्याचं वजन कसं उतरवायचं? आणि दिवसभर घर बंद असताना या दोघांना उन्हाचं कसं सांभाळायचं?

"मांजरी कोणाला तरी देऊन टाक" हा सल्ला नको. तो सासूबाईंकडून नियमित मिळतो आहे.

रिकामा_बाबू
कानात कापूस घालून झोपा. सोपं आहे.

खसखस
बाबूराव, कापसाने आवाज थांबेल, दार थांबणार नाही. जाळीला आधीच एक भोक पडलंय.

मनीमाऊची_आई
ताई, चारला खाणं टाकणं आधी बंद करा. बोक्याच्या हिशेबात सरळ व्यवहार आहे : जाळी खरवडली की वाटी भरते. तुम्ही उठून नुसतं रागावलात तरी त्याला तो प्रतिसादच वाटतो.

मांजराचा क्रम ठरलेला असतो. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. तो रात्री लावून द्या. साडेनऊ-दहाला दोरीला पीस बांधून दहा-पंधरा मिनिटं दमवा. दमवा म्हणजे खरंच दमवा, मोबाईल बघत दोरी हलवू नका. शेवटी दोन-चारदा पीस पकडू द्या आणि लगेच दिवसातलं शेवटचं खाणं द्या. खाऊन, चाटून तो आडवा होतो.

सकाळच्या वाटीसाठी वेळ लावायचा फीडर घ्या. सुरुवातीला तो चारच्या थोडा आधी वाजू द्या, मग दर दोन-तीन दिवसांनी दहा-दहा मिनिटं पुढे ढकला. बोका मशीनपाशी जाऊन बसतो, तुमच्या दाराशी नाही. एक आधीच सांगून ठेवते : पहिले काही दिवस तो जास्त धिंगाणा घालेल. त्या दिवसांत एकदा जरी उठून खाणं दिलंत तर तो एवढंच शिकेल की यापुढे जास्त वेळ खरवडायचं.

वऱ्हाडी_ठेचा
मी तं उलटं म्हणतो ताई. गोट्याले दोष नोका देऊ. मांजर जात मुळात पहाटे अन् सांजच्याले हिंडणारी. दुपारी सावलीत पडून राहाचं, ऊन उतरलं का बाहेर निघाचं. आता मले सांगा, नवतपात (मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस) नागपूरच्या माणसानं दुसरं काय करावं? ४५ डिग्रीत आपणही तेच करून राहिलो नं बाप्पा!

बोक्याचं टाइमटेबल बरोबर आहे, तुमचंच ऑक्टोबरातलं चालू आहे. गजर बंद कराच्या मागे काहून लागता? फीडरनं तो चारवरून पावणेपाचवर आणा अन् तिथंच थांबवा. तो उठला का तुम्ही उठा. थायरॉईडची गोळी पाण्यासंगं घ्या, तोंड धुवा, सव्वापाचले घराबाहेर. चालून येईस्तोवर तुमचा तो चहाबंदीचा तास आपोआप निघून जाते. घरात बसून घड्याळाकडे पाहात तो तास काढनं लय बेकार काम आहे, आमच्या घरी पाहतो मी.

रात्री मात्र साडेनऊ-दहाले लाईट बंद करा लागते. सिरीयल सोडा. अन् दुपारी सुट्टीच्या दिवशी कूलरसमोर अर्धा तास डुलकी. बोका कंपनी देतेच.

चालाले सेमिनरी हिल्सकडे जा, झाडी आहे, पहाटे हवा गार राहते. चढ आहे थोडा, पण तुमाले भरभरच चालाचं आहे नं. ते दूर पडत असन तं घराजवळच्या कोणत्याही बागेत चकरा मारा. फुटाळ्यावर फक्त तलाव पाहाले जा, तिथं चालनं कमी अन् खानं जास्त होते.

मनीमाऊची_आई
ठेचाभाऊंचं बरोबर आहे, माझा सल्ला त्यात बसतो. चारचा गजर मोडायचा नाही, सरकवायचा. पण रात्रीचं खेळणं सोडू नका, लाईट बंद करायच्या आधी उरका, नाहीतर तो पावणेपाचवर थांबणार नाही.

गुरांचा_डॉक्टर
जनावरांच्या दवाखान्यात काम करतो म्हणून वजन आणि ऊन या दोन गोष्टींवर लिहितो.

नसबंदी झालेला, घरातच राहणारा, साडेसहा किलोचा देशी बोका म्हणजे बहुधा लठ्ठ. अशा बोक्यांना मधुमेहही होतो, म्हणजे तुमचा आणि त्याचा आजार एकाच दिशेने चाललाय. पण माणसासारखा उपास त्याला करायला लावू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. आठवड्याला वजनाच्या साधारण १ टक्का उतार पुरे, म्हणजे गोट्यासाठी ६५ ग्रॅम. त्याला पाच किलोवर यायला पाच-सहा महिने लागतील. लागू द्या.

"मूठभर" हे माप बंद करा. स्वयंपाकघरातला काटा घ्या, दिवसाचं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढा आणि त्यातूनच फीडर, दुपार, रात्र असं वाटा. किती ग्रॅम ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण प्रत्येक ब्रँडच्या कॅलरी वेगळ्या. चिंधीला वेगळ्या खोलीत किंवा उंचावर खायला द्या, नाहीतर तिचाही वाटा तोच संपवेल. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको, दोन्ही त्यांच्या रक्ताला घातक आहेत.

उन्हाचं. मांजर मुळातच पाणी कमी पितं. खाण्याच्या वाटीपासून लांब, घरात तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा. मातीचं पसरट परळ उत्तम, पाणी गार राहतं आणि मिशा कडेला लागत नाहीत. थोडं ओलं खाणं सुरू केलंत तर पाणी पोटात जातं आणि वजनालाही बरं.

बोका वारंवार रेतीत जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. लोकांना ती बद्धकोष्ठता वाटते, तिथेच वेळ जातो. तोंड उघडून धापा टाकणं हेही मांजरात नेहमीचं नाही. तसं दिसलं तर गार खोलीत न्या, साध्या पाण्याने पंजे आणि पोट भिजवा, बर्फ लावू नका, आणि थेट दवाखाना. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला दवाखाना बघून ठेवा. चालायला त्याच बाजूला जाणार असाल तर रस्ताही पाठ होईल.

आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका. एक गोळीही मारते.

कूलरवाला_नाही_पण
दुपारी घर बंद आणि कूलर चालू, यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खिडक्या सगळ्या बंद करून कूलर लावला तर खोली गार कमी आणि दमट जास्त होते. समोरची एक खिडकी उघडी हवी आणि तिला पक्की जाळी हवी, नाहीतर कबुतरामागे मांजर खाली. लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच. मांजरं टाकीपाशी पाणी चाटायला जातात. टाकीत खसचं सेंट टाकत असाल तर बंद करा, वाळ्याची ताटी लावा, वास तिचाच पुरतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास तिथेच होतात. पाणी भरताना प्लग काढलेला हवा, हे मांजर नसलेल्यांनाही.

खसखस
सगळ्यांचे आभार. काटा घरात होताच, संत्र्याच्या केकसाठी घेतलेला. आता त्यावर गोट्याचं खाणं मोजतेय, तो शेजारी बसून आकडा वाचतोय.

वाळ्याच्या ताटीची गंमत खरी आहे. संध्याकाळी ऑफिसातून येते तेव्हा दोघं कूलरसमोर फरशीवर लांब पडलेली असतात, पाठीवरचे केस वाऱ्याने दुभंगलेले, चिंधीच्या मिशीवर बारीक थेंब. पर्स टाकून मीही पाच मिनिटं तिथेच बसते. ते पाच मिनिटं कोणत्याही रूटीनमध्ये लिहिलेलं नाही, पण बुडत नाही.

एक राहिलं. चालून येताना तर्री पोहे चालतील का? खरं सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
रविवारी. अर्धी प्लेट. तर्री जास्त, पोहे कमी, चणे मागून घ्या. रोज खाल तं चालनं पाण्यात.

गुरांचा_डॉक्टर
माणसांच्या आहारावर बोलायचा मला अधिकार नाही, पण ठेचाभाऊंशी सहमत.

शुगरवाले_काका
ताई, मी याच रस्त्याने गेलोय. सकाळचं चालणं ठेवाच, पण रात्रीच्या जेवणानंतरही दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करा, जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते. मे महिन्यात गच्ची रात्रीसुद्धा तापलेली असते म्हणून मी घरातच हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या मारतो. तुम्ही दोरीला पीस बांधून मारा, बोक्याचंही होऊन जाईल. तुम्हाला साखरेची गोळी नाही म्हणून उपाशीपोटी चालणं ठीक. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा धागा वाचून पहाटे उपाशी निघू नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

खसखस
काका, पीस घेऊन फेऱ्या हे भारी आहे. काल केलं. सासूबाई सोफ्यावरून बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "दोरी जरा खाली धर, त्याला उडी जमत नाही."

गजर सध्या साडेचारवर आलाय. जाळी बदलायची आहे, नखांना टिकेल अशी कुठे मिळेल?

कूलरवाला_नाही_पण
नायलॉनची घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानात स्टीलची जाळी मागा, बारीक भोकांची. मापाने कापून देतात. जुन्या फ्रेमचं माप लिहून न्या, रुंदीत दोन इंच जास्तीची घ्या.