सिलॅबलला मराठीत 'अक्षर' म्हणायचं का?

पाटीपेन्सिल: इंग्रजी उच्चारांवरची एक पुस्तिका मराठीत करतेय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीय. सिलॅबलला, म्हणजे शब्दाच्या एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, 'अक्षर' लिहिलं. पुढे उदाहरण आलं 'स्ट्रेंग्थ्स'. इंग्रजीत सिलॅबल एकच, देवनागरीत अक्षरं दोन: स्ट्रें, ग्थ्स. भाचा विचारतो, "मावशी, नक्की किती?"

ओसरी: 'शब्दावयव' लिहा की सरळ.

चष्मेवाला: आणि प्रत्यय, धातू यांना काय म्हणणार? हेलिकॉप्टर घ्या. म्हणताना हे-लि-कॉप्-टर, चार तुकडे. घडण मात्र दोनच तुकड्यांची, ग्रीक हेलिको म्हणजे मळसूत्री आणि प्टेरॉन म्हणजे पंख. टेरोडॅक्टिलच्या स्पेलिंगात गप्प बसलेला 'प' याच पंखाचा. कॉप्टर हा तुकडा लोकांनी मागाहून तोडलाय.

गणमात्रा: 'अक्षर'च बरोबर. 'पुस्तक' लिहितो पु-स्त-क, म्हणतो पुस्-तक. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं ते यामुळेच, अर्धा 'स' मागे चिकटतो. 'तुझ्या'त तसा आघात येत नाही, म्हणून 'तु' लघुच राहतो.

ओसरी: पण वृत्तात शेवटचा 'क' मोजता आणि बोलताना पाय मोडून 'पुस्तक्' म्हणता! मग दोन की तीन?

गणमात्रा: वृत्तात तीन. बोलण्याचं मला विचारू नका.

पाटीपेन्सिल: बरं, स्ट्रेसला 'आघात' चालेल?

चष्मेवाला: आघात म्हटलं की आमच्या आईला कुणीतरी गेलंय असं वाटतं. 'जोर' लिहा. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. आपण तिन्ही एकाच सपाट सुरात म्हणतो. पहिल्या नोकरीत फोनवर मी 'डे'वर जोर देऊन 'डेव्हलपमेंट' म्हणायचो, पलीकडचा साहेब तीनदा "सॉरी?" म्हणाला. जोर 'व्हे'वर हवा, डिव्हेलपमेंट.

ओसरी: स्टेशनचं ठेसन केलं तेव्हा कुठल्या साहेबाला विचारलं होतं? इथे डेव्हलपमेंटच चालणार.

गणमात्रा: 'विकास' म्हणा, प्रश्न मिटला.

चष्मेवाला: विकास आमचा शेजारी आहे.

पाटीपेन्सिल: शुक्रवारी मजकूर द्यायचाय हो! तूर्त 'सिलॅबल'च ठेवतेय.

चष्मेवाला: त्यात जोर 'सि'वर आहे. मग 'लॅ' कुठून आणलात? 'सिलबल' लिहा.