आर्किमिडीजचा ग्रंथ खरवडून त्यावर प्रार्थना का लिहिल्या असतील?

जुनी_पानं:
मंडळी, आर्किमिडीज पॅलिम्प्सेस्टचे (पॅलिम्प्सेस्ट म्हणजे जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिलेलं हस्तलिखित) फोटो बघतोय आणि जीव हळहळतो अक्षरशः. वर ठळक शाईत ग्रीक प्रार्थना, आणि त्यांना काटकोनात छेदत जाणाऱ्या फिकट तपकिरी ओळी, मध्येच भूमितीच्या आकृतीचा अर्धा कंस दिसतो आणि परत गायब. १०व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये केलेली नक्कल, आर्किमिडीजचा ‘मेथड’ हा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये फक्त यातच उरलाय, आणि १२२९ मध्ये ती खरवडून प्रार्थनापुस्तक केलं. असं का केलं असेल? आणि ओळी काटकोनात का?

शाई_आणि_कातडं:
आधी काटकोनाचं सांगतो कारण ते सोपं आहे. जुना ग्रंथ मोठ्या आकाराचा होता. त्याची शिलाई उसवली, जोडपानं मधोमध कापून सुटी केली, मजकूर खरवडून काढला, मग प्रत्येक पान आडवं फिरवून मधे दुमडलं. म्हणजे जुन्या एका पानाची नव्या पुस्तकात दोन पानं झाली, आकार निम्मा. त्यामुळे आर्किमिडीजच्या काही ओळी नेमक्या नव्या पुस्तकाच्या शिलाईत जाऊन बसल्या, आणि पुस्तक उसवल्याशिवाय त्या दिसणारच नव्हत्या.

आता ‘का’. चर्मपत्र म्हणजे जनावराचं कातडं, भिजवून, ताणून, घासून तयार केलेलं, एका मोठ्या ग्रंथाला अख्खा कळप लागायचा. मग जुनी पानं परत वापरायची ही तेव्हाची सर्रास पद्धत होती, त्यात आर्किमिडीजवर कुणाचा राग होता असं अजिबात नाही. याच प्रार्थनापुस्तकात हिपेरिडीस या अथेन्सच्या वक्त्याची भाषणं आणि ॲरिस्टॉटलच्या एका ग्रंथावरचं भाष्यसुद्धा खरवडलेलं सापडलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नावही लिहून ठेवलंय, इओआनेस मिरोनास. त्याला रोजच्या उपासनेत लागणारं पुस्तक हवं होतं, बस.

दुपारची_वाचक:
मला उलट वाटतं, त्या खरवडण्यानेच हा ग्रंथ वाचला! आर्किमिडीजच्या ग्रीक मजकुराची आणखी दोन मोठी हस्तलिखितं मध्ययुगात होती, अभ्यासक त्यांना ए आणि बी म्हणतात. १२६९ मध्ये मोर्बेकेच्या विल्यमने त्यांच्यावरूनच लॅटिन भाषांतर केलं. ती कुणी खरवडली नव्हती, चांगली जपलेली होती, आणि आज दोन्ही बेपत्ता आहेत. बीचा शेवटचा उल्लेख १३११चा, ए १६व्या शतकात नाहीसं झालं. तिसरं, म्हणजे हे, मठात प्रार्थनेला लागत होतं म्हणून कुणी फेकलं नाही. जेरुसलेमजवळच्या मार साबा मठात ते बराच काळ होतं.

जुनी_पानं:
ए आणि बीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण ‘वाचला’ म्हणायला मन धजत नाही हो, खालचं धड वाचता येत नसेल तर वाचला कसा?

शाई_आणि_कातडं:
येतं ना, बरंचसं येतं. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश विद्वानाने कॉन्स्टँटिनोपलला जाऊन नुसत्या भिंगाने त्यातलं खूप वाचलं आणि फोटोही काढून घेतले. ते फोटो फार महत्त्वाचे, कारण खरं नुकसान त्यानंतर झालंय. १३व्या शतकापेक्षा २०व्या शतकाने या ग्रंथाचे जास्त हाल केले. बुरशी लागली, काही पानं गेली, कण्यावर आधुनिक गोंद फासला, आणि चार पानांवर सोनेरी रंगात चार शुभवर्तमानकारांची (बायबलमधली येशूची चरित्रं लिहिणाऱ्यांची) चित्रं काढली गेली, जुनी भासावीत म्हणून. हायबर्गने पाहिलं तेव्हा ही चित्रं नव्हतीच, आणि त्यांत एक हिरवा रंग सापडला जो १९३८च्या आधी बाजारातच नव्हता. खरवडलेल्या शाईचा मागमूस तरी राहतो, पण अख्ख्या पानावर रंगाचा थर चढवला की डोळ्यांना काहीच उरत नाही.

दुपारची_वाचक:
हो, या बाबतीत मी पूर्ण सहमत. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ते २० लाख डॉलरला गेलं, घेणाऱ्याने नाव गुप्त ठेवलं पण अभ्यासासाठी बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्ये ठेवायला दिलं. तिथे गोंद सोडवत पानं सुटी करायलाच काही वर्षं गेली. मग वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढून ते एकत्र करायचे, त्यात खालची शाई लालसर उठते आणि वरची काळी राहते. आणि त्या सोनेरी चित्रांखालचं वाचायला स्टॅनफर्डजवळच्या प्रयोगशाळेत एक्स-रे वापरले. जुन्या शाईत लोह असतं ना, एक्स-रे पडले की ते लोह ओळखू येतं, वर कितीही सोनं फासलेलं असो. सगळे फोटो नेटवर मोफत टाकलेत. ‘मेथड’ची लालसर पानं काढा, गरज पडल्यास फोटो फिरवून घ्या आणि प्रार्थनेच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यांत बघा, तिथे अक्षरं सगळ्यात स्वच्छ लागतात.